गाडी एकटीच आली

हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या दवाखान्यात जुई बाळाला लस टोचून घ्यायला बसली होती. मागच्या बाकावर चक्क मराठीत एक आजी-आजोबा भांडत होते. बाळाला थोपटता थोपटता तिचे कान तिकडेच लागले.

“अहो, आपला आशय फोनवर म्हणाला होता, शनिवारी गाडी घरी येतेय.”

“आली ना मग?”

“गाडी आली हो! तो कुठे आला?”

“अगं, त्यानं बंगलोरहून मोबाईलवर विजेची गाडी घेतली. कंपनीचा माणूस घरी आणून देतो. हल्ली असंच असतं.”

“मला काय ठाऊक? मला वाटलं, स्वतः चालवत येतोय. मी चाकांखाली लिंबं ठेवली, उतरणाऱ्याला ओवाळलं. डोळे भरून आलेले, धड दिसेना. पदरानं पुसून बघते, तर भलताच!”

“पुरणपोळ्या मात्र दाबून खाल्ल्या त्या भलत्यानं.”

“‘अम्माजी, एक और’ म्हणाला. नाही कसं म्हणणार?”

“बरं, पण मग आज आपण रिक्षानं का आलो, माहितीये?”

“तुम्हीच आणलंत रिक्षानं! मला काय विचारता?”

“गाडी चार्ज नाही म्हणून. तिचा तो जाडा प्लग फक्त आशयच्या खोलीत, एसीच्या जागी बसतो. आणि खोलीला तू कुलूप घालून ठेवलंयस.”

“तो आला की उघडीन.”

“आणि तोवर गाडी?”

“बघेल तीही वाट.”