गढूळ पाण्यातलं तणनाशक

शेतीच्या औषधांच्या दुकानात माझ्यापुढच्या गृहस्थांनी रिकामी बाटली दुकानदारासमोर आपटली.

“तुमचं तणनाशक नकली आहे. तण ढिम्म हलत नाही!”

“कशात कालवलंत?”

“ओढ्याच्या पाण्यात.”

“गढूळ?”

“मग तणाला काय गाळून, उकळून पाजू?”

“अहो, पाण्यातल्या मातीनंच औषध धरून ठेवलं. तणाला काय मिळणार, कपाळ?”

“बायकोही हेच म्हणाली.”

“वहिनींना कसं ठाऊक?”

“प्रयोगशाळेत अठरा वर्षं शेवाळावर हीच औषधं तपासतेय. औषधानं शेवाळ स्वच्छ पाण्यात मरतं, माती कालवली की तगतं, म्हणे.”

“मग त्यांचं ऐकायचं नाही का?”

“ऐकलं की! म्हणूनच इथं आलो. म्हटलं, एखाद्या जाणकाराला विचारावं.”