मायचा हात सोडा

सन्माननीय अध्यक्ष दिनकरराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपल्या दवाखान्याचे मालिशवाले भुजंगराव, आणि दुपारची कामं टाकून आलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला बजावलं होतं, "वीरभद्रप्पा, तुमी दुकानदार माणूस, चार शब्द गोड बोला." कापड विकताना मी गोडच बोलतो. आज ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि ही शाल, हे हार, हे बत्तासे पाहून तो वाढलाच आहे.

लढाईच्या काळात भुजंगरावांनी सिकंदराबादेला लष्करी इस्पितळात जखमी शिपायांना पुन्हा चालायला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ते इथे आले, त्याच सुमारास माझी आई, नीलम्मा, ओसरीवरून पडली. मनगट मोडलं, तेवढ्यावर निभावलं. पुढे आपल्याकडे काय करतात ते तुम्ही जाणताच. आई खाटेवर, दोन सुना दोन्ही बाजूंना, पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. ज्याची म्हातारी जास्त बसून, तो मुलगा जास्त गुणाचा. मीही गुणाचा होतो.

भुजंगराव आले, बघितलं आणि म्हणाले, "मायचा हात सोडा. तुमीच तिला पाडायलाव."

मला तेव्हाही राग आला होता. पण आईला एकच हवं होतं. जमिनीवर बसून इष्टलिंगाची पूजा करायची आणि कुणाच्या आधाराशिवाय उठायचं. म्हणून कसरत सुरू झाली. खांबाला बोट लावून, दहा म्हणेपर्यंत एका पायावर उभं राहायचं. पाटावरून हात न टेकता उठायचं. अंगणात रांगोळीची लांब रेघ ओढायची आणि टाचेला अंगठा लावत तिच्यावरून चालायचं. आई म्हणायची, "म्हातारपणी मला तालमीत घालायलाव का रे?" चौथ्या महिन्यात ती पूजा आटोपून एकटी उठली. मी दारात उभा होतो. म्हणाली, "बघत काय ऱ्हायलास, दुकान उघड."

मग माझ्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. याच दिनकररावांनी मला बाजूला घेतलं. "मायला एका पायावर उभं करायलाव, पाहुणे काय म्हणतील? घरात सुना न्हाईत का?" झालं. मी कसरत बंद केली. दोन महिने आईला नवं लुगडं नेसवून खाटेवर बसवून ठेवलं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, सेवा करावी तर अशी. मला बरं वाटायचं, का नाही वाटणार? पाहुणे गेले, आई पूजेला खाली बसली आणि उठताना कोसळली. खुबा मोडला.

त्यावर आपण दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे दरखास्त लिहिली. कसरतीमुळे म्हातारी पडली, हा माणूस इथे नको. पहिलं दस्तखत कुणाचं होतं? माझं. ते खोटं आहे हे मला दस्तखत करतानाच ठाऊक होतं. दोन महिने आईला बसवणारा मी, आणि तबादला भुजंगरावांचा. बाकीची दस्तखतंही याच दिवाणखान्यात बसली आहेत, पुढच्या रांगेत. आता तीच मंडळी त्यांना शाल पांघरवणार. लाज कशी वाटत नाही आपल्याला?

अध्यक्षमहाराज, घड्याळ दाखवू नका, माझं होत आलं आहे.

ही दुसरी दरखास्त. यात घडलं तसं लिहिलं आहे आणि खाली माझं दस्तखत आहे. उद्या मी स्वतः ती साहेबांपुढे ठेवणार. पहिल्या कागदावर ज्यांनी दस्तखत केलं, त्यांनी याच्यावर करावं आणि मग बत्तासे खावेत.

इतकं ऐकून घेतलंत, त्याबद्दल सगळ्यांचा आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, पण त्याची माफी मी सभेकडे मागत नाही. भुजंगराव, मी तुमची मागतो. संध्याकाळी पिंगळी स्टेशनावर गाडीत बसण्याआधी घरी या. आज सकाळी आईनं मला विचारलं, "भुजंग का येईना रे? माझं काई चुकलं का?" मी टोपी घातली आणि इकडे निघून आलो. तिला काय उत्तर द्यायचं, ते मला तुमच्यासमोर देऊ द्या.