एक भोक नाही ठेवलं

त्या गाडीचं नाव मी काढतच नाही, पण तुम्ही विचारलं म्हणून सांगून राहिलो.

बाबानं जवानीत एक जुनी गाडी ड्रॅग रेससाठी बनवली होती. सरळ रोड, दोन गाड्या, जो आधी पोहोचला तो जिंकला. गाडी हलकी व्हावी म्हणून बाबानं मागची सीट काढून फेकली आणि दरवाज्याच्या पत्र्यात स्वतः ड्रिलनं भोकं पाडली. त्या भोकांवरून बोट फिरवत बाबा मले एकेक रेस सांगे.

मंग शुगरनं बाबाचे डोळे गेले. म्हटलं, आता तरी गाडी नीट करू. वाडीच्या गजूभाऊ डेंटरले दिली आणि सांगितलं, "बाबाच्या टायमाले होती तशी करून द्या."

आणायले गेलो तर गाडी नवरदेवाच्या गाडीसारखी चमकून राहिली होती. गजूभाऊ खुशीत म्हणाला, "पत्र्याची पुरी चाळणी झाली होती, भाऊ. वेल्डिंग मारून सारी बुजवली. एक भोक नाही ठेवलं."

मी म्हटलं, "काहून बुजवली गा?"

"मंग काय सडका पत्रा तसाच देऊ?"

गाडी घरी आणली. बाबाले हात धरून अंगणात नेलं, दरवाज्यापाशी उभं केलं. बाबानं वरून खालपर्यंत हात फिरवला. पुन्हा फिरवला. बोटं कुठंच अडकली नाहीत.

मंग हात मागं घेतला आणि मले विचारलं, "चांगली आहे रे. कोणाची आहे?"