झोपेचा उंट

—नाही हो बाबा, त्या दिवशी मी तंबूच्या सावलीत लोकर पिंजत बसले होते, रोजच्यासारखीच, आणि शेजारीण धापा टाकत आली—म्हणे, धैदाननं विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून माणूस मारला! पलीकडच्या टोळीतला. धैदान म्हणजे आमचा भाऊबंद—लांबचा हं, फार लांबचा. तरी मी लोकर टाकून बापजाद्यांची नावं मोजायला लागले. का म्हणजे? आमच्या वाळवंटात सूड पाच बापांपर्यंत चालतो ना—बाप, आजा, पणजा असं वर मोजत! मारणाऱ्याचा आणि तुमचा मूळपुरुष पाचांच्या आत एकच निघाला की तुमचीही मान सुरीखाली. सहावा निघाला तर सुटलात—मयताच्या घरी एक उंट पाठवायचा, झोपेचा उंट, मग रात्री निवांत झोपा. आमचा बाहेर बांधलाय, येताना पाहिलात ना? उद्या मध्यस्थ नेतील. कॉफी घ्या, निवतेय.

माझा मुतलक एकुलता एक—आत्ता मेंढ्यांमागे गेलाय. त्याला सहावा लागतो, मी रोज मोजते—फालिह, जज्जा, हमदान, सत्ताम, गदबान आणि सहावा शलाश. शलाशपाशी धैदानची शाखा फुटते. कुणीही मोजावं! आणि घराणं कसलं म्हणता—हा हमदान तान्हा असताना आई-बाप गेले, तर सत्तामच्या बायकोनं त्याला अंगावर पाजला, पोटच्या पोरासारखा वाढवला, लोक त्यांना बापलेकच म्हणायला लागले, इतकी माया, सख्खे भाऊ असून—

बोटं कसली मोजताय? एक बोट परत का उघडलंत? पाच नाहीत, सहाच! अहो, म्हाताऱ्या बायकांच्या गप्पा त्या, मी काय बघायला होते? बापच होता सत्ताम. बापच. सगळे तसंच म्हणतात.

पाहुण्याला नाव विचारायची आमच्यात रीत नाही, म्हणून मी विचारलं नाही—कुठल्या विहिरीवरचे म्हणालात तुम्ही? सांगितलंच नाहीत. मुतलक इथं नसतो हं, शहरात असतो, महिना महिना येत नाही... मघाशी? मघाशी काय म्हणाले मी? म्हातारीच्या बोलण्याला काय धरता! त्या घंटा शेजाऱ्यांच्या मेंढ्यांच्या. आणि शिट्टी—शिट्टी कुणीही मारतं तशी.

बसा ना. उठता कशाला? एक घोट घ्या, एकच, ओठांना लावा नुसती—मयताकडचा माणूस मारणाऱ्याच्या भाऊबंदांकडे पाणीसुद्धा पीत नाही, पण तुम्ही थोडेच—

बाबा.

तुम्ही कॉफी प्यायला नाहीत.