बियाण्याचं वांगं

नाही नाही, एवढं खोल नको — बोटाचं एक पेर आत, बस. गिलक्याचं बी खोल गेलं की कुजतं, वहिनी. आण, मी दाखवते. आणि ती बॅग ओट्यावर ठेव ना, मातीत कशाला घेऊन बसलीस? तुझे प्रेमराजदादा तुला न्यायला जामनेरहून आता कुठे निघाले असतील, त्यांना यायला दोन तास तरी लागतील. चार दिवस माहेरी जाते म्हणतेस, आमच्या दादालाही तेच सांगितलंस — पण चार दिवसांसाठी मार्चात स्वेटर भरतं का कुणी? मी बॅग उघडली नाही हं, चेन उघडीच होती. तू घर सोडून चाललीस, मला कळतं. आबा आठ दिवस बोलले नाहीत तुझ्याशी. एका वांग्यासाठी.

बस अशी, शेवग्याच्या सावलीत. फाल्गुन म्हणजे आमच्या परसातला सगळ्यात चांगला महिना — असं आई म्हणायची, मीही म्हणायचे. बघ ना, शेवग्याला पान दिसत नाही इतकी फुलं, कोथिंबीर बियांवर आलीये, लिंबाला बहर आहे — वास येतोय ना तुला? मलाही येतो. नाकापर्यंत येतो, पुढे जात नाही. आधी मी भडगावच्या कॉलेजातून यायचे ती थेट चपला काढून ओल्या वाफ्यात, पाटाचं पाणी बोटांमधून जायचं आणि उगाच हसू यायचं, आई म्हणायची, येडी झाली पोर. आता पाणी आलं की पाणी आलं, एवढंच कळतं — काय झालं? — काही नाही, मोटर सुरू झाली. लाइट आली. दचकते मी हल्ली, कुकरच्या शिट्टीलाही दचकते. कशाला बघतेस अशी? आळं भर तू. मूठभर शेणखत, वरून माती, हलक्या हाताने.

तुला कसं कळणार होतं, सांग. तुमच्याकडे रोपं नर्सरीतून येतात, लावली, तोडली, संपलं. आमच्याकडे भरताच्या वांग्याचं बी घरचं. आईने ते लग्नात माहेराहून आणलेलं, पदराच्या गाठीत, म्हणजे तीसएक वर्षं झाली. दरसाल सगळ्यात चांगल्या झाडावरचं एक फळ ती राखायची, बाकीची फुलं खुडून टाकायची, म्हणजे सगळा जोर त्या एकात. त्याला तिच्या जुन्या साडीचं फडकं बांधायची — म्हणजे कुणी तोडू नये. फळ पिवळं पडेपर्यंत झाडावरच. मी लहानपणी हट्ट करायचे, हेच भाजू, तर म्हणायची, 'बठ्ठं खावानं नही, एक ठेवानं.' सगळंच खायचं नसतं. या वर्षी तिने फडकं बांधलं आणि पाचव्या दिवशी ती गेली. तुमचा साखरपुडा आधीच झालेला — वर्षाच्या आत लग्न केलं नाही तर तीन वर्षं थांबा, म्हणून सगळ्यांनी घाई केली. तूही बिचारी ओल्या हळदीने सुतकी चेहऱ्यांच्या घरात आलीस. मी करवली होते ना, माझे फोटो बघितलेस? सगळ्यांत एकच चेहरा आहे.

आणि तू बघितलंस की आबा अर्धी भाकरी खाऊन उठतात. बाकीचा वाफा मोडलेला, एकच झाड, एकच वांगं, चांगलं दीड किलोचं, हिरवंगार. तू ते काढलंस, कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलंस, लाकडी बडगीत ठेचलंस, कांद्याची पात घातलीस. आबांनी दोन भाकरी खाल्ल्या, वहिनी. आई गेल्यापासून पहिल्यांदा. 'भरीत भारी झालं' म्हणाले. मग हात धुताना त्यांनी परसाकडे बघितलं आणि विचारलं, 'हाई वांगं कोनी तोडं?' सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. मीही. त्यांनी ते झाड उपटून उकिरड्यावर टाकलं — आणि डब्यात जुनं बी नाही, मागचं सगळं रोपांना गेलं. कुंदाआत्या म्हणाली, नव्या सुनेला डोळे आहेत की बटणं? एवढं फडकं दिसलं नाही?

तू तेव्हा का नाही म्हणालीस की फडकं नव्हतंच? — तुलाही वाटलं असेल, असेल बाई, माझंच लक्ष नसेल. नव्हतं, वहिनी. तेराव्याला आत्या-मावश्यांनी आईच्या साड्या वाटून घेतल्या, रीतच आहे, कपाट रिकामं झालं. मग मला ते परसातलं फडकं आठवलं. दवात भिजत होतं, उन्हात विटत होतं. मी सोडून आणलं. हे बघ, मोबाइलच्या कव्हरमागे आहे. वाटलं होतं दुसरं काही बांधू, सुतळी बांधू — राहिलं. आज, उद्या, करता करता राहिलं. आणि आबांनी विचारलं तेव्हा तोंड उघडलंच नाही. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती. काहीच नव्हतं आत. आठ दिवस तू ताट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहायचीस आणि मी भाजी निवडत बसायचे. हे मी सांगणार नव्हते तुला, फक्त गिलकी लावू म्हणून बोलावलं होतं —

उठू नकोस. आबाच आहेत, चारा घेऊन आलेत. पदर नको सारखा करूस, बस.

आबा. भारा ठेवा खाली. वहिनीकडे नका बघू, इकडे बघा. आईने बांधलेलं फडकं मी सोडून घेतलं होतं. वहिनीने तोडलं तेव्हा त्या वांग्याला काहीच बांधलेलं नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही माहीत होतं.

वहिनी, तू आत जा. प्रेमराजदादा येतील, चहाला आधण ठेव. बॅग राहू दे, ती कुठे जात नाही. जा, म्हणते ना. आता बोलणी मी खाते.