जोड मातीच्या वर

हॅलो?… कोण?… अगं छोटे, तूच का, मी तुलाच लावणार होते. थांब, हाताला माती आहे, फोन घसरतोय… हं. नाही, तू नंतर बोल, आधी माझं ऐक. फूल आलं.

…कुठे म्हणजे? तिसऱ्या ओळीत. जिथे आपले पॅशन फ्रूटचे जांभळे वेल उभ्याउभ्या वाळले ना, त्याच जागी… हो, तीच मर लागलेली माती, तसूभर बदलली नाही… अगं ऐक ना. शेजारी मुद्दाम एक बिनकलमी रोप लावलं होतं, बघू तरी म्हणून. ते पंधरा दिवसांत माना टाकून गेलं. आणि माझं कलम बघ, तारेवर चढून बसलंय राणीसारखं… नाही, फळ कसलं लगेच, फूलच आलंय. पण आलंय. सकाळपासून चारदा जाऊन बघितलं. घरातले हसतायत मला.

…पुन्हा सांगू? अगं, पिवळ्या फळाच्या वेलाच्या मुळांत ती मरीची बुरशी सहसा शिरत नाही. म्हणून खाली त्याचा खुंट, त्याला चीर, चिरेत आपल्या जांभळ्याची काडी पाचरीसारखी, त्या जोडावर पट्टी. पाय त्याचे, फळं हिची… हो, लग्नच म्हण. फरक इतकाच, की हे टिकतं.

बरं, मी पाठवलेली तुझी चाळीस कलमं लागली का जमिनीत?… लागली? जीव भांड्यात पडला. तुमचा अख्खा मांडव गेला, तेव्हापासून तुझे सासरे जेवत नाहीत धड, असं तूच म्हणालीस ना… काकांनीच लावली? एकट्यांनी?… गुडघे दुखतात ना त्यांचे… स्टूल सरकवत सरकवत. वा. चाळीस रोपं. मानलं त्यांना.

…आणि काय?… नाही, ते मधलं परत सांग. बुंध्याला मातीची भर घातली म्हणजे कुठपर्यंत?… दीड वीत? वारूळ बांधलंय का… हसू नकोस. पट्टी दिसते का तुला?… बघ ना जाऊन, मी थांबते… पहिल्या रोपाची?… दुसऱ्या?… एकाचीही नाही.

छोटे, नीट ऐक. जोड मातीखाली गेला की वरच्या जांभळ्यालाही मुळं फुटतात. ती त्याच रोगट मातीत उतरतात. मग खाली पिवळा असून काय उपयोग? मर वरच्या दारानं आत… मी सांगितलं होतं ना तुला, जोड वीतभर वर… त्यांना सांगितलंस? मग काय म्हणाले?… "रोप कधी असं उघडं ठेवतात का?" हं. किती दिवस झाले?… आठ. आठच ना, नक्की? मग अजून वेळ आहे. पण आजच. काड्या शेवटच्या जिवंत वेलाच्या होत्या गं, आता त्याच्यावर घ्यायला एक काडी उरलेली नाही.

पण तू स्वतः का नाही लावलीस? तुला माहीत होतं सगळं… काय?… परत बोल… कोण म्हणालं, तुझ्या हातानं रोपं जगत नाहीत?

…हो. मीच म्हणाले होते.

…काकांना बोलाव. आणि फोन स्पीकरवर टाक. नाही, तू जायचं नाहीस, तिथेच उभी राहा.

नमस्कार काका… हो, सगळे बरे आहेत… छान लावलीत म्हणाली ती, दोरी धरून. काका, ती भर काढावी लागेल… चाळीसच्या चाळीस… कबूल आहे, पन्नास वर्षं तुमचे हात मातीत आहेत, आणि मी आपली इथून उंटावरून शेळ्या हाकतेय… नाही काका, पुस्तकातलं नाही. हे माझ्याच हातून झालंय. मागच्या वर्षी माझी साठ कलमं गेली ना… नाही, ती जास्त पाण्यानं नाही गेली… हो, सांगितलं मी तसंच. गावभर सांगितलं. पंधरा दिवस पाणी घालायला ही आली होती, तिच्या डोक्यावर खापर फोडून मोकळी झाले. सासूबाईंच्या आजारपणात मी निघाले, त्याच्या आदल्या दिवशी मीच प्रत्येक रोपाला भर घातली होती. वाऱ्यानं हलू नयेत म्हणून. तुमच्यासारखीच, मायेनं. मेलेली रोपं उपटली तेव्हा दिसलं, जोडाच्या वर मुळांची जाळी… तेव्हाच का नाही बोलले? लाज वाटली काका. तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं. दुसरं काही कारण नाही.

…मग काढताय ना काका?… नाही, खुरपं नको, सालीला लागेल. बोटांनीच. पट्टी आणि तिच्याखाली वीतभर खुंट उघडा दिसला पाहिजे. पट्टीच्या वर पांढरं मूळ दिसलं तर लगेच कापायचं… हो, आत्ताच. फार उपकार होतील… बरं, तिला द्या.

छोटे?… हो. वर्षभर… हो, तुमच्या मांडवाखाली पाऊल ठेवलं नाहीस, कळत होतं मला… तरीही नाही सांगितलं… हो. वाईट वागले मी. फार वाईट… दे शिव्या, ऐकतेय… काय? आधी रोपं, मग भांडण? चालेल. रात्रभर भांड, मी फोन जवळच ठेवते.

…मागून काका काय म्हणतायत?… पहिल्या रोपाची माती तू काढायची?… मग काढ ना… अगं, हळूच काढ. एका बाजूनं… दिसली पट्टी? आणि तिच्या वर?… नीट बघ, मूळ आहे का?… एकही नाही? अगं छोटे, जगलं ते. तुझ्या हातानं जगलं. आता दुसऱ्याकडे… हॅलो?… हॅलो?

…ठेवलासुद्धा.