मण्यांखालचा डाग

(ठाणे. छातीचे एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. संचालक अमृता यांच्या केबिनमध्ये शास्त्रज्ञ रोवेना.)

अमृता : ...म्हणजे फक्त तुझ्या सहीवाचून चाचणीचा अहवाल अडलाय. सोमवारी सगळ्या शिबिरांत हे सॉफ्टवेअर लागायचं आहे, रोवेना.

रोवेना : लागू नये म्हणूनच सही नाही केली, मॅडम.

अमृता : शंभरात सत्त्याण्णव एक्स-रे ते अचूक वाचतं. आणि तू एका बाईसाठी अडून बसली आहेस.

रोवेना : बाईचं नाव जनी. बाळकुमला मासे विकते. तिथल्या प्रायोगिक शिबिरात आपल्या सॉफ्टवेअरने तिला निरोगी ठरवलं. तीन महिन्यांनी नात तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. टीबी निघाला.

अमृता : यंत्राची चूक होऊ शकते. डॉक्टरांचीही होते.

रोवेना : यंत्राची नाही हो, माझी. काल मी शिबिरात गेलेले. एक्स-रे काढणाऱ्या धाकूभाऊंजवळ दिवसभर उभी होते. कोळणी मंगळसूत्र काढतच नाहीत. 'नवरा जिता हाय माजा, गला मोकला कशाला करू?' धाकूभाऊ कंटाळून म्हणतात, बरं बाय, पाठीवर टाक. पाठीवर टाकलं तरी सोन्याचे मणी फिल्मवर येणारच ना.

अमृता : मग?

रोवेना : चार वर्षांपूर्वी मी नियम घातलेला. धातू दिसला की तेवढी जागा सोडून बाकीचं वाच. टीबी बऱ्याचदा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो. मणीपण तिथेच. जनीबाईचा डाग मण्यांखाली होता. आपण बघितलाच नाही.

अमृता : चाचणीत हे कसं लक्षात आलं नाही?

रोवेना : चाचणीच्या फिल्म मोठ्या हॉस्पिटलच्या. तिथे नर्स गाऊन हातात देते आणि सगळं काढायला लावते. नाही म्हणायची कोणाची हिंमत? आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. माझी आई ऑपरेशनला जाताना गळ्यातला क्रूस काढेना, डॉक्टरशी भांडली. तिचीच मुलगी मी, एसीत बसून धरून चालले की कोणाच्या गळ्यात काही नसणार. लाज वाटते मला.

अमृता : पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. आत्ता सही कर. हे बाहेर गेलं तर लोक तुझ्याकडेच बोट दाखवतील. बारा वर्षांत कमावलेलं नाव आहे तुझं.

रोवेना : दाखवू दे. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी. तोवर किती जणी येतील शिबिरात?

अमृता : ठीक आहे. तुझ्याऐवजी तुझे सहकारी कुंडलिक सही करतील.

रोवेना : त्यांना दाखवलीये मी जनीबाईची फिल्म. सकाळपासून पेन उचललं नाहीये त्यांनी. आणि शिबिरांच्या डॉक्टरांनाही कळवलंय. गळ्यात काही असेल तर आमच्या सॉफ्टवेअरवर जाऊ नका, स्वतः बघा.

अमृता : मला न विचारता?

रोवेना : विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.

अमृता : राजीनामा दे, रोवेना. शिफारसपत्र मी चांगलं लिहीन.

रोवेना : नाही देणार. माझी चूक आहे, ती मी इथेच बसून निस्तरणार. काढायचं तर तुम्ही काढा. फक्त पत्रात कारण खरं लिहा.

अमृता : काय लिहू?

रोवेना : एवढंच, की हिने सही केली नाही.